मदत हवी आहे : व्हॉल्व्हचा जुना पीए अ‍ॅम्प्लिफायर गिटारसाठी
ठाण्याच्या नौपाड्यातील एका मंडपवाल्याकडून घेतलेल्या, ईएल३४ या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळीच्या) जोडीवर चालणाऱ्या ३० वॉटच्या पीए (सभा-समारंभातील ध्वनिक्षेपणाच्या) अ‍ॅम्प्लिफायरचे फिल्टर व कपलिंग कपॅसिटर बदलून आणि अर्थिंगची तीन पिनी वायर बसवून मी तो सिरीज बोर्डवर (वीजमार्गात दिवा जोडलेल्या चाचणी बोर्डवर) सुरू केला. दिवा क्षणभर उजळून मंदावला आणि कर्ण्यातली घुरघुरही थांबली. अडचण आउटपुट ट्रान्सफॉर्मरची आहे. त्यावर केवळ १०० व्होल्ट लाइनचे (एकाच तारेवर अनेक कर्णे चालवण्याच्या पद्धतीचे) टॅपिंग असल्याने पूर्ण क्षमतेला सुमारे ३३३ ओहमचा भार लागतो, तर माझा गिटारचा स्पीकर ८ ओहमचा आहे. मूळ चासिसला नवी भोके पाडायची नाहीत. मध्ये लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर (१०० व्होल्ट लाइनला ८ ओहमचा स्पीकर जुळवणारा) जोडल्यास जाड तारेचा ८२ हर्ट्झचा सूर पातळ पडेल का, की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नव्याने गुंडाळून घ्यावा, आणि तसे असल्यास ठाणे-नवी मुंबईत हे काम कोठे होते?