नोकरी सांभाळून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग
ताई, वाशीत नाइट ड्युटी करत पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे डिप्लोमा झालेल्या नर्सेससाठीची पदवी, जमेल का, असं तुम्ही विचारलंत. मी जीएनएम या नर्सिंग डिप्लोमानंतर नऊ वर्षं ठाण्यात वॉर्डमध्ये काढून मग केलं. नियमित कोर्स 2 वर्षांचा, पूर्णवेळ, शिवाय क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम. म्हणून आधी मेट्रनशी, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांशी, अभ्यासरजेचं बोला. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, तेही बघा. माझं नूतनीकरण राहिलं होतं, ऐन प्रवेशाच्या वेळी फार धावपळ झाली. पहिल्या वर्षाचं मायक्रोबायॉलॉजी निभावतं. खरा घाम काढतं दुसऱ्या वर्षाचं संशोधन आणि संख्याशास्त्र. पण त्यामुळेच आमच्या वॉर्डातल्या बेडसोरच्या (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या) नोंदी मी पहिल्यांदा नीट मोजल्या! पुढे एम.एस्सी.ला 1 वर्षाचा अनुभव लागतो, तो पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो.