मदत हवी आहे : ‘व्हायकिंग्ज’मधील शवपेटीच्या भागाबद्दल

‘व्हायकिंग्ज’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांचे मत मला हवे आहे. (पुढे कथानक उघड होते.) मेल्याचे सोंग घेतलेला व्हायकिंग राजा रॅग्नार शवपेटीतून पॅरिसमध्ये शिरतो, हा डाव उत्कंठावर्धक आहेच, परंतु त्याआधी त्याचा मित्र फ्लोकी, भाऊ रोलो आणि पूर्वपत्नी लागर्था त्या पेटीशेजारी मन मोकळे करतात आणि तो आतून सारे ऐकत असतो, तेव्हा हा बेत शहर जिंकण्यासाठी होता की आपल्याच माणसांची पारख करण्यासाठी, हे मला ठरवता येत नाही. तुम्हाला काय वाटले?

दुसरी अडचण इतिहासाची आहे. ८४५ मध्ये हल्लेखोर ७,००० पौंड चांदी घेऊन पॅरिसहून परतले, काउंट ओडोने शहर लढवले ते ८८५-८६ मध्ये, आणि शवपेटीची युक्ती तर नॉर्मन इतिवृत्तकार दूदोने हास्टाइन या व्हायकिंग सरदाराच्या नावावर सांगितली आहे, तीही इटलीतील लूना शहराबाबत. मालिकेने या साऱ्याची एकाच हल्ल्यात केलेली इतकी सरमिसळ कोणाला खटकली का? दूदोचा हा वृत्तान्त सुबोध इंग्रजी अनुवादात कोठे वाचता येईल, हेही कृपया कळवावे.