‘एअर अपॅरंट’ आणि ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’: दोघेही ‘भावी वारस’ कसे?

विचारणा

इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या ड्यूक या उमराव घराण्यावर मराठीत लिहिते आहे. वर दिलेल्या दोन्ही शब्दांना आतापर्यंत ‘भावी वारस’च लिहीत आले, पण चर्चिलपाशी अडले. 1895 ते 1897 विन्स्टन चर्चिल या ड्यूकपदाचे वारस होते. मग वारसाची ‘मार्क्विस ऑफ ब्लॅंडफर्ड’ ही उपाधी त्यांना का नव्हती?

प्रतिसाद

कारण ते ‘एअर प्रिझम्प्टिव्ह’ होते, म्हणजे अधिक जवळचा वारस जन्मेपर्यंतच हक्क असलेले वारस. नववे ड्यूक त्यांचे चुलतभाऊ. त्यांना मूल नव्हतं, म्हणून तोवर हक्क चर्चिलांकडे. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना चर्चिलांचा खांदा निखळला, तेव्हाही तेच वारस होते. 18 सप्टेंबर 1897 ला ड्यूकना मुलगा झाला आणि हा हक्क संपला. ब्लॅंडफर्ड ही उपाधी वापरायची ती ड्यूकच्या थोरल्या मुलाने. त्याला मागे सारणारा कुणी जन्मूच शकत नाही, म्हणून तो ‘एअर अपॅरंट’.

‘अपॅरंट’चा इथला अर्थ जुना आहे: उघड, स्पष्ट. ‘दिसायला तसा’ हा आजचा अर्थ धरला की भाषांतर नेमकं उलटं होतं.

मी ‘अपॅरंट’ला ‘अबाधित वारस’ आणि ‘प्रिझम्प्टिव्ह’ला ‘तूर्त वारस’ असं लिहीन.

विचारणा

‘निश्चित वारस’ जास्त सोपं नाही का? की सरळ ‘युवराज’?

प्रतिसाद

युवराज राजाचा. ड्यूक हा उमराव, त्याला राज्य नाही. आणि ‘निश्चित’ हे मार्लबरोच्याच घराण्यात खोटं ठरतं. पहिल्या ड्यूकचा मुलगा 1703 मध्ये देवीच्या रोगाने गेला. मग 1706 च्या कायद्याने पदव्या मुलींकडे जाण्याची सोय झाली आणि 1722 मध्ये थोरली हेन्रिएटा डचेस झाली. तिचा मुलगा विल्यम हा मार्क्विस ऑफ ब्लॅंडफर्ड, म्हणजे अबाधित वारस. पण तो 1731 मध्ये आईआधीच वारला. 1733 मध्ये ती गेल्यावर ड्यूकपद बहीण ॲनच्या मुलाकडे, चार्ल्स स्पेन्सरकडे गेलं. जन्माची बाधा नव्हती, मरणाची होती.

आणखी एक प्रतिसाद

मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या जुन्या ग्रंथातले ‘अप्रतिबंध दाय’ आणि ‘सप्रतिबंध दाय’ (दाय म्हणजे वारसा) चालतील? शब्द तयार आहेत, सुंदरही आहेत.

प्रतिसाद

मलाही मोह झाला होता. पण अप्रतिबंध दायात मुलाला जन्मतःच मालमत्तेत हिस्सा मिळतो. ब्लॅंडफर्डला बाप जिवंत असेपर्यंत ड्यूकपदात काहीच वाटा नाही, उपाधीही केवळ शिष्टाचाराची. शब्द घेतला तर अर्थही ओढला जाईल.

हेन्रिएटाबद्दल लिहिताना मात्र जपा. ‘डचेस’ म्हटलं की पाटलाची ती पाटलीण तशी ड्यूकची बायको, असंच मराठी वाचक समजेल. तिचा नवरा ड्यूक नव्हता. ‘स्वतःच्या हक्काने डचेस’ असं एकदा तरी पूर्ण लिहाच.