नागपूर अधिवेशन आठवड्यात गुंडाळतं: जाब अध्यक्षांना की संसदीय कार्यमंत्र्यांना?

धरमपेठ_कट्टा
डिसेंबर आला की अधिवेशन उरकलं म्हणून आपण अध्यक्षांना बोल लावतो. पत्ता चुकतोय. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून किमान एक अधिवेशन इथे घ्यायचं ठरलं, दिवसांचा आकडा मात्र त्यात नाही. तो ठरतो कामकाज सल्लागार समितीत, आणि तिथे सरकारची यादी घेऊन बसतात संसदीय कार्यमंत्री. कोणतं विधेयक कधी, पुरवणी मागण्यांना (अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाला) किती तास, नियम २९३ खालची विदर्भावरची चर्चा कोणत्या दिवशी, सगळ्याची सुरुवात त्यांच्या कागदावरून होते. सभागृह चालवणं हे त्यांचं अर्धं काम, सरकारचं कामकाज उरकणं हे दुसरं अर्धं. ते फक्त दुसरं करतात.

पटलावरचा_कागद
अर्धं-बिर्धं काही नसतं. सरकारचं कामकाज पार पाडणं हेच त्यांचं काम. सहा दिवसांच्या अधिवेशनाचा हिशोब मांडून पाहा. पहिला दिवस अध्यादेश (अधिवेशन नसताना काढलेले तात्पुरते कायदे) पटलावर ठेवणं, पुरवणी मागण्या सादर करणं आणि शोकप्रस्ताव यांतच जातो. मागण्यांवर मतदान झाल्याशिवाय विनियोजन विधेयक (तो पैसा तिजोरीतून काढायची परवानगी) येत नाही, आणि विधानसभेत मंजूर झाल्यावर ते विधान परिषदेत जायचं असतं. परिषदेला ते १४ दिवस ठेवून घेता येतं, पण अधिवेशनच सहा दिवसांचं. म्हणजे मागण्या चौथ्या, फार तर पाचव्या दिवशी संपायलाच हव्यात. त्यांच्या जोडीला अध्यादेशांची विधेयकं. अधिवेशन भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश गळतो, आणि तोच तो पुन्हा काढायला गेलात तर सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा कृष्णकुमार सिंह निकाल आडवा येतो. उरलेल्या फटीत विदर्भ बसतो. यात आकस नाही, वेळापत्रक आहे.

धरमपेठ_कट्टा
सहा दिवस धरून गणित केलं तर उत्तर तेच येणार! सहाच काऊन, ते सांगा. २०२४ ला १६ ते २१ डिसेंबर. ३९ मंत्र्यांचा शपथविधी १५ ला इथेच राजभवनात, खातेवाटप २१ ला रात्री, अधिवेशन संपल्यावर. ज्याला खातंच नाही तो उत्तर कशाचं देणार? तरी ३५,७८८ कोटींच्या पुरवणी मागण्या मात्र मंजूर झाल्या.

गणपूर्ती२९
खातेवाटप मुख्यमंत्र्यांच्या हातात, त्याचं खापर संसदीय कार्यमंत्र्यांवर नको. दोन पदांची गल्लतही नको. विधानसभेत सभागृह नेते मुख्यमंत्रीच. परिषदेत वेगळा मंत्री नेमतात, डिसेंबर २०२४ पासून ते पद एकनाथ शिंदेंकडे आहे. संसदीय कार्यमंत्री हा रोजची जुळवाजुळव करणारा.

आणि चर्चेतल्या रिकाम्या बाकांचं म्हणाल, तर तो प्रतोदांचा, म्हणजे आपल्या पक्षाचे आमदार हजर ठेवणाऱ्यांचा विषय. गणपूर्ती, म्हणजे सभागृह चालायला लागणारी किमान हजेरी, एक दशांश: २८८ पैकी २९. कोणी बोट दाखवलं की घंटा वाजते, उपाहारगृहातून माणसं आत येतात, २९ भरतात आणि दहा मिनिटांत पुन्हा पांगतात. संध्याकाळच्या विदर्भ चर्चेत विरोधक सहसा गणपूर्तीचा मुद्दा काढत नाहीत, कारण सभागृह तहकूब झालं तर बुडणारी चर्चा त्यांचीच असते.

खामल्याचा_खोडकर
जुळवाजुळव म्हणे! ५ जुलै २०२१ ला मुंबईत भाजपच्या १२ आमदारांना वर्षभर निलंबित करायचा ठराव कोणी मांडला? तेव्हाचे संसदीय कार्यमंत्री अनिल परब. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला, निलंबन चालू अधिवेशनापुरतंच असू शकतं म्हणून. ज्यांच्याशी रोज वाटाघाटी करायच्या त्यांनाच बाहेर काढायचा कागद त्याच माणसाच्या हाती. सरकार कोणाचंही असो, पदाचा घोळ हाच आहे.

पटलावरचा_कागद
तो प्रसंग वाईटच. पण घाई हा या पदाचा गुणधर्म नाही. जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात मांडलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, जुलै २०२५ मध्ये मुंबईत मंजूर झालं. विधेयक पटकन रेटणं आणि समितीकडे धाडणं, दोन्ही या माणसाच्या हत्यारपेटीत असतं.

गणपूर्ती२९
वाटाघाटी करायला समोर कोणीतरी लागतं. २०२५ ला ८ ते १४ डिसेंबर, शनिवार-रविवार धरून सात दिवस. तेव्हा दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. मग समितीत प्रत्येक गटनेता आपापल्या विषयापुरता भांडणार, आणि सरकारी यादी जशीच्या तशी पुढे सरकणार.

खामल्याचा_खोडकर
लोकसभेत संसदीय कार्यमंत्री पुढच्या आठवड्याचं सरकारी कामकाज आधी जाहीर करतात, बहुधा शुक्रवारी. कॅनडात गुरुवारी विरोधक विचारतात आणि सरकारचा सभागृह नेता उभं राहून सांगतो. तेवढं तरी इथे सुरू करा.

धरमपेठ_कट्टा
बाप्पा, त्यासाठी आधी पुढचा आठवडा लागतो.

पटलावरचा_कागद
आठवडा नसला तरी उद्या असतो. उद्याच्या कामकाजाचा क्रम आज संध्याकाळी सहाला हाती आला, तरी आमदाराला विधेयक वाचून सुधारणा द्यायला एक रात्र मिळते.