नाशिक सोडून चार महिने अंदमानात राहतोय, मे मध्ये परत यावं की मुक्काम वाढवावा?

गोदाकाठची_आई

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण ज्यांनी असं काही केलंय किंवा अंदमानात राहिलेत त्यांचं मत खरंच हवंय.

आम्ही नाशिकचे, गंगापूर रोडला फ्लॅट आहे. मी, नवरा आणि साडेचार वर्षांची चिऊ. नोव्हेंबरपासून स्वराज द्वीपवर म्हणजे जुन्या हॅवलॉकवर राहतोय, फिरायला नाही, सहा महिने राहून बघायला. मला कॉलेजच्या लॅबमधून १५ मे पर्यंत बिनपगारी रजा मिळाली, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, फ्लॅट ओळखीतल्यांना भाड्याने दिला आणि निघालो. कारण एकच, नाशकात आम्ही तिघं एका ताटाभोवती आठवड्यातून दोनदा बसायचो. चिऊची व्हॅन पावणेआठला, मागोमाग मी, संध्याकाळी मुंबई नाक्याला अडकून घरी येईपर्यंत ती टीव्हीसमोर पेंगलेली आणि तेव्हाच नवऱ्याचे परदेशातले कॉल सुरू.

सासूबाई माहेरच्या भगूरच्या. त्यांच्या मनात अंदमान म्हणजे काळं पाणी, सावरकरांना १९११ मध्ये नेलं ते. "तिथे माणसं धरून न्यायचे आणि तुम्ही लेकराला घेऊन आपणहून चाललात" असं म्हणाल्या आणि डोळे पुसले. म्हणून पोर्ट ब्लेअरला, आता श्री विजयपुरम म्हणतात, उतरल्यावर आधी सेल्युलर जेलमध्ये गेलो आणि तिथून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. कोठडी दाखवली, वरची छोटी खिडकी दाखवली, त्या काहीच बोलल्या नाहीत, फोनलाच हात जोडले.

स्वराज द्वीप निवडलं ते नेटसाठी. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल २०२० मध्ये सुरू झाली आणि ती या बेटालाही येते. नवऱ्याचं काम बहुतेक वेळा निभतं, पण बेटावरची वीज जनरेटरवरची, गेली की पंखा, पंप, राउटर सगळं एकदम बसतं.

राहतो विजयनगरला, पाच नंबरच्या किनाऱ्याजवळ, एका बंगाली कुटुंबाच्या आवारातल्या दोन खोल्यांत. त्यांचे आजोबा पन्नासच्या दशकात पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आले, सरकारने जमीन दिली, त्यावर नारळ सुपारी लावली. घरमालकीणबाईंना आम्ही माशी म्हणतो, बंगालीत मावशीला माशी म्हणतात. चिऊ पहिले आठ दिवस त्यांना हाक मारायलाच तयार नव्हती, "आई त्या चावतात का" म्हणून विचारायची. आता दिवसभर त्यांच्याच मागे असते, पाणी हवं असलं की "जोल दाओ" म्हणते आणि शहाळ्याला डाब.

घड्याळ इथे भारताचंच आहे पण सूर्य नाशिकच्या सव्वा तास आधी येतो. आत्ता मार्चमध्ये साडेपाचला लख्ख उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य बुडतो. सुरुवातीला फार विचित्र वाटलं, सात वाजता गुडुप्प अंधार आणि करायला काही नाही. पण त्यानेच खरा फरक पडला असं मला वाटतं, चिऊ साडेसातला झोपते आणि पाचला स्वतःहून उठते. नाशकात तिला उठवताना रोज रडारड व्हायची.

आणि भरती ओहोटी. पाच नंबरला ओहोटीला पाणी इतकं आत जातं की नुसते खडक आणि डबकी उरतात, पोहायचं तर भरतीलाच. त्यामुळे आमचं वेळापत्रक रोज थोडं थोडं पुढे सरकतं, कधी आंघोळ आधी कधी स्वयंपाक आधी. परवा चिऊ एका डबक्यापाशी पाऊण तास उकिडवी बसलेली, एक खेकडा जुन्या शंखातून मोठ्या शंखात घर बदलत होता. आधी नांगीने नवा शंख चाचपला, आत बाहेर केलं, मग झटकन मागचा मऊ भाग त्यात सरकवला. मी दोनदा "चल" म्हणाले आणि मग गप्प बसले, म्हटलं कुठे जायचंय आपल्याला. हा पाऊण तास नाशकात मी तिला दिला नसता, खरंच नसता दिला.

आता दुसरी बाजू. जानेवारीत चिऊचा कान ठणकायला लागला, बहुतेक पाणी जाऊन. इथल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ड्रॉप्स दिले आणि दोन दिवसांत उतार नाही पडला तर श्री विजयपुरमला कानाच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. उतार पडला नाही आणि तेव्हाच समुद्र खवळला, दोन दिवस बोटीच बंद. एक रात्र मी तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून काढली, गरम फडका कानाला लावत, आणि मनात एकच, की कॉलेज रोडवर असते तर दहा मिनिटांत दवाखान्यात असते. तिसऱ्या दिवशी बोट मिळाली, सगळं ठीक झालं. पण ती रात्र जात नाही मनातून.

आणि एक, जे नवऱ्यालाही नीट सांगता आलेलं नाही. तो पूर्वीइतकेच तास कॉलवर असतो, फक्त खिडकीबाहेर नारळ आहेत. कपडे हाताने धुणं, पंप चालला नाही की विहिरीवरून बादल्या, मासे साफ करणं, (हे माशींनी शिकवलं, घरी आम्ही फक्त अंडं खायचो) चिऊला सांभाळणं हे सगळं माझ्याकडे. कामाचा त्रास नाही वाटत, हाताला काम आणि डोक्याला शांतता असं काहीतरी झालंय. पण तिघांसाठी आलो होतो आणि निवांतपणा चिऊच्या वाट्याला आला, थोडा माझ्या, त्याच्या आलाच नाही.

तर प्रश्न असा की ठरल्याप्रमाणे मे मध्ये परत यावं की रजा वाढवून मागावी? पावसाळ्यात इथे लहान मुलासह राहता येतं का? आणि जूनमध्ये सीनियर केजी बुडालं तर फार बिघडतं का?

ओझरकर_५८

ताई, मी नोकरीत असताना पोर्ट ब्लेअरला सहा वर्षं काढलीत, मुलं तिथेच लहानाची मोठी झाली, म्हणून स्पष्ट लिहितो. पावसाळा तिथे आपल्यासारखा जूनची वाट बघत नाही, मे च्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, मोसमी वारे अंदमानात आधी पोचतात मग केरळ मग आपण. एकदा नैर्ऋत्येचा वारा बसला की समुद्र सतत उसळलेला, जानेवारीत तुमच्या दोन दिवस बोटी बंद होत्या तसं मग वरचेवर होतं. भाजीही महागते, कांदा बटाटा सगळं मेनलँडवरून जहाजाने येतं.

राहता येत नाही असं नाही, लोक राहतातच की. पण ज्यांची तिथे मुळं आहेत ते राहतात, घरात तांदूळ भरलेला असतो, आजारी पडलं तर कोणाच्या मदतीला जायचं हे माहीत असतं. तुम्हाला वाढवायचंच असेल तर पावसाळ्याचे महिने श्री विजयपुरमला खोली घेऊन राहा, तिथे मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. ऑक्टोबर नोव्हेंबरनंतर पुन्हा बेटावर. पण मला विचाराल तर मे च्या पहिल्या आठवड्यातच निघा, शेवटच्या तारखेवर ठेवू नका, वादळी हवेत बोट चुकली की पुढचं विमान चुकतं आणि सगळे पैसे जातात.

अजून एक, लेकीने शंख शिंपले गोळा केले असतील तर आत्तापासून समजवा की न्यायचे नाहीत. प्रवाळ आणि शंख बाहेर न्यायला बंदी आहे, विमानतळावर बॅग उघडतात. आमच्या धाकट्याचा डबा तिथे रिकामा करावा लागला होता, पोरगं विमानात बसेपर्यंत रडत होतं.

मालवणची_सून

किती छान लिहिलंय, खेकड्याचं वाचून मला माहेरचा खडकाळ सडा आठवला. मी मालवणची, लग्न होऊन इंदिरानगरला आले त्याला १४ वर्षं झाली.

भरतीचं सांगते, आमचे आजोबा तिथीवरून वेळ काढायचे. तिथीची पाऊणपट करायची, चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशोब आपल्या कोकण किनाऱ्याचा आहे, तुमच्या बेटावर तसाच लागणार नाही, पण भरती रोज साधारण पाऊण तासाने, पन्नास मिनिटांनी म्हणा, पुढे जाते हे सगळीकडे तेच. येत्या अमावास्येला तिथली भरती किती वाजता भरते ते चिऊला भिंतीवर लिहायला सांगा आणि तिथून रोज पाऊण तास वाढवत न्या. कालनिर्णय असेलच घरात. आणि पौर्णिमा अमावास्येच्या सुमारास उधाण असतं, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि तसंच जास्त आत जातं, तेव्हा तिला एकटीला डबक्यांपाशी सोडू नका, पाणी मागून कधी भरलं ते कळत नाही.

सीनियर केजीचं म्हणाल तर माझ्या मते काही बिघडत नाही. पहिलीला सहा पूर्ण लागतात, तुमच्याकडे वेळ आहे. फक्त पाच वर्षांचा डीपीटी लसीचा बूस्टर डोस विसरू नका, तो आरोग्य केंद्रातही देतात.

सिडकोतला_बाबा

मी पुरुष म्हणून लिहितो, राग मानू नका. तुमच्या पोस्टमधला खरा प्रश्न पावसाळा नाही आणि केजी पण नाही, तो जो परिच्छेद तुम्ही "नवऱ्यालाही सांगता आलेलं नाही" म्हणून लिहिलाय तो आहे. मी पण घरूनच काम करतो, दोन वर्षं बायको सगळं करत होती आणि मला वाटायचं मी घरात आहे म्हणजे मी आहेच की. एकदा ती आजारी पडली आणि मुलाला डबा काय लागतो हे मला माहीत नव्हतं, पाच वर्षांच्या पोराने मला सांगितलं की बाबा पोळीचे चार तुकडे करायचे असतात. लाज वाटली.

त्यांना ही पोस्ट वाचायला द्या. रजा वाढवायची का ते नंतर. आधी सकाळी साडेपाच ते नऊ त्यांचे, बादल्या, चिऊ, किनारा सगळं, परदेशातले कॉल तर संध्याकाळचेच असतात ना? उजाडतं इतक्या लवकर, तीन साडेतीन तास हातात आहेत. हे तिथे जमलं नाही तर नाशकात कसं जमणार?

पंचवटीची_आजी

बाळा, मी तुझ्या सासूबाईंच्या बाजूने लिहिते, त्यांच्या बाजूने कोणी लिहिलेलं दिसलं नाही. माझा नातू पण तीन वर्षं बाहेर आहे. व्हिडिओवर तो मला चित्रं दाखवतो, पण फोन ठेवला की घर फार मोठं होतं. तू वाईट करते आहेस असं नाही, चिऊ जे बघतेय ते आम्ही तिला रामकुंडावर दाखवू शकलो नसतो, आणि इथे २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते खणलेत, धूळच धूळ आहे, त्यात घाईने येण्यासारखं काही नाही. पण एप्रिलमध्ये समुद्र शांत असेल तर त्यांना पंधरा दिवस बोलावून घे. काळं पाणी म्हणून रडल्या ना, मग त्यांना ते पाणी दाखव, नातीच्या हाताला धरून.

गोदाकाठची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री वीज गेली होती तेव्हा नवऱ्याला फोनवर सगळं वाचून दाखवलं, सिडकोतल्या दादांचं पण. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला की मला वाटत होतं तू इथे खूश आहेस म्हणून मी काही विचारलं नाही. मी म्हटलं खूश आहेच, तेच तर अवघड आहे सांगायला.

आज सकाळी तो बादल्या घेऊन गेला, पहिल्याच फेरीत अर्धं पाणी पायावर. चिऊने त्याला बजावलं की बाबा बादलीत नारळाची झावळी टाकायची, मग हिंदकळत नाही. माशींनी तिला शिकवलंय, मला माहीतच नव्हतं.

ओझरकर काका, तुमचं पटलं. रजा वाढवत नाही, ४ मे ची बोट बघतोय, मध्ये तीन दिवस श्री विजयपुरमला ठेवून मग विमान. नोव्हेंबरमध्ये पुन्हा यायचं का ते त्याच्या कामाच्या वेळा बदलतात का त्यावर, तो ऑफिसला विचारणार आहे. शंखांचं मात्र फार अवघड जाणार, चिऊकडे एक अख्खी बरणी आहे. रोज एक शंख परत त्याच डबक्यात नेऊन ठेवायचा असं आज सांगून बघितलं, घर शोधणाऱ्या खेकड्यांना लागतात म्हटलं. पहिला ठेवला, पण मग खेकडा येईपर्यंत हलायलाच तयार नव्हती.

मालवणच्या ताई, भिंतीवर नाही, माशींच्या दारावर खडूने लिहिणार आहोत, त्यांनीच सांगितलं. कालनिर्णय नाहीये इथे. आजी, सासूबाई एप्रिलमध्ये येतायत, पहिल्यांदा विमानात बसणार, त्यांनाच कालनिर्णय आणायला सांगितलंय. कोणाला माहीत असेल तर सांगा, चेन्नईला विमान बदलताना ७१ वर्षांच्या बाईला व्हीलचेअर आधी बुक करावी लागते का तिथे गेल्यावर मिळते?