सुलभाताईंचे स्मरण कशासाठी करावे: अभिनयासाठी की नवोदितांना दिलेल्या आधारासाठी?

एक प्रेक्षक, सदाशिव पेठ
ज्येष्ठ अभिनेत्री सुलभा देशपांडे ४ जून २०१६ रोजी गेल्या. त्यांचा विषय निघाला की आपल्याकडे विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात त्यांनी रंगवलेल्या लीला बेणारेपाशीच बोलणे थांबते. मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. १९७१ साली पती अरविंद देशपांडे आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था स्थापन केली. पुढे दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात, मोठ्या नाट्यगृहांचे भाडे ज्यांना झेपले नसते अशा कितीतरी नव्या मंडळींना प्रयोग करता आले, आणि 'चंद्रशाला' या 'आविष्कार'च्या बालनाट्य विभागाच्या 'दुर्गा झाली गौरी' या नाटकातून लहान मुले रंगमंचावर आली. पुण्यात 'पुरुषोत्तम करंडक' ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा गाजवणारी मुले महाविद्यालय सुटताच तालमीच्या जागेसाठी वणवण करतात. सुलभाताईंच्या स्मरणार्थ त्यांना अशी एखादी जागा मिळवून द्यावी, पुरस्कार आणि सत्कार पुरेत.

नाट्यशिक्षिका, कोथरूड
जागेला माझा विरोध नाही, पण या मांडणीला ठाम विरोध आहे. दिग्दर्शक पुरुष असला की आपण त्याची कला आठवतो आणि अभिनेत्री असली की तिची माया! बेणारेचे शेवटचे स्वगत पेलणे म्हणजे काय असते, हे ते विद्यार्थिनींकडून बसवून घेताना मला दरवेळी नव्याने कळते; आधी खेळकर, मग खोट्या खटल्यात कोंडली गेलेली ही शिक्षिका रंगवणाऱ्या सुलभाताई स्वतः छबिलदास शाळेत शिकवत होत्या. सत्यदेव दुबे यांनी याच नाटकावर केलेल्या १९७१ च्या चित्रपटात त्यांची बेणारे आजही पाहता येते. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही अभिनयासाठीच. नव्या मुलांना त्यांच्याकडून सर्वांत आधी काही घ्यायचे असेल, तर ते हे काम आहे.

एकांकिकाकार, शनिवार पेठ
ताई, अभिनय पाहून शिकता येते हे मान्य, पण ते करून बघायला चार भिंती लागतात. आम्ही वाहनतळात तालमी करतो आणि रात्री नऊ वाजता सोसायटीचे अध्यक्ष येऊन आम्हाला उठवतात. छबिलदास ही शाळाच होती. पुण्यातल्या एखाद्या शाळेने संध्याकाळी सभागृह उघडले, तरी आमचे निम्मे प्रश्न सुटतील.

एक प्रेक्षक, सदाशिव पेठ
स्त्री कलावंतांबाबतचा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्या अभिनेत्रीने अरविंदरावांच्या निधनानंतरही 'आविष्कार'ची साथ सोडली नाही, तिचे ते काम केवळ मायेपोटी होते असे मी म्हटलेले नाही. संस्था चालवायला शिस्त, हिशेब आणि चिकाटी लागते, आणि त्यालाही कर्तृत्वच म्हणतात.

नाट्यशिक्षिका, कोथरूड
कर्तृत्व आहेच, पण ते अभिनयाच्या जागी ठेवू नका. शाळेशी बोलणी करायला मी तुमच्याबरोबर येईन. मात्र त्या सभागृहाला सुलभाताईंचे नाव देणार असाल, तर पहिल्या संध्याकाळी भाषणे न ठेवता तो चित्रपट दाखवावा, ही माझी अट आहे.