परिवीक्षा म्हणजे परीक्षा की पाळत?

प्रश्न : नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीच्या बातमीत ‘परिवीक्षाधीन अधिकारी’ वाचलं. त्याच पेपरात कोर्टाने एका तरुणाला ‘परिविक्षेवर’ सोडल्याचंही होतं. शिकाऊ अधिकारी आणि दोषी ठरलेला मुलगा, दोघांना एकच शब्द कसा? आणि वि ऱ्हस्व की दीर्घ?

उत्तर : वी दीर्घच. परि + वि + ईक्षा. ईक्ष् म्हणजे पाहणे. परीक्षा, समीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा, सगळ्या याच धातूच्या लेकी.

शब्द एकच, कारण मूळ इंग्रजी ‘प्रोबेशन’ लॅटिन ‘प्रोबारे’वरून आलाय, म्हणजे पारखणे. नोकरीत कायम करण्याआधी पारखतात, तसं कोर्ट दोषी ठरलेल्याला तुरुंगात धाडण्याआधी, चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडून पारखतं. बॉस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस या चांभाराने एका दारुड्याला जामीन राहून सोडवलं, तिथून ही पद्धत रुजली. आपल्याकडचा कायदा १९५८चा.

एमएला मानसशास्त्र असताना मी परिवीक्षा अधिकाऱ्यांबरोबर, म्हणजे असं सोडलेल्यांकडे लक्ष देणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर, गृहभेटींना जायचे. सातपूरला एका आईने विचारलं, “ताई, पोराची परीक्षा कधी संपणार?” तिने चुकीचं ऐकलं होतं, पण लॅटिन अर्थ नेमका पकडला होता! मला मात्र त्या ‘परीक्षे’ने अस्वस्थ केलं. परीक्षा म्हटली की मुलगा नापास होण्याच्या धाकाने वावरतो, विचारलं की खोटं बोलतो. ‘देखरेख’ म्हटलं तर घरचे पाळत समजतात आणि दार अर्धंच उघडतात. परिवीक्षेतला ‘परि’ म्हणजे सभोवार. घर, संगत, काम, व्यसन, राग कशाने चढतो, हे सगळं बघायचं. उपयोजित मानसशास्त्राची गरज इथेच लागते. कॅनडातल्या अँड्र्यूज आणि बॉन्टा यांनी मांडलेलं सूत्र मला फार मोलाचं वाटतं : जोखीम जितकी, तितकीच मदत, आणि मदत गुन्ह्याकडे नेणाऱ्या गरजांवर, ज्याला जशी पचेल तशी. कमी जोखमीच्या मुलाला उगाच जखडलं, तर त्याची नोकरी आणि चांगली संगत तुटते, म्हणजे बिघाड आपणच करतो.

प्रश्न : मग हे समुपदेशनच ना?

उत्तर : काही अंशी. पण त्या शब्दात ‘उपदेश’ लपलाय आणि तोच नडतो. “दारू सोड” म्हटलं की मुलगा दारूची बाजू मांडू लागतो. “दारूमुळे काय काय हुकलं?” असं विचारलं, तर कारणं तोच सांगतो. प्रेरक मुलाखत म्हणतात ती हीच, विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली. ‘समज देऊन सोडलं’मधली समज बाहेरून दिलेली असते, इथे ती त्याला आतून यावी लागते.

प्रश्न : नाशिकरोड जेलमधून सुट्टीवर आलेल्यालाही लोक ‘प्रोबेशनवर आलाय’ म्हणतात.

उत्तर : ते चूक. ती संचित रजा, म्हणजे फर्लो, नाहीतर अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल. शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळते. परिवीक्षेवरचा मुलगा शिक्षा न सुनावता, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलेला असतो. १९५८च्या त्या कायद्याखाली सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटत नाही, असं कलम १२ सांगतं. म्हणून त्याला ‘गुन्हेगार’ म्हणू नये, असं मला कळकळीनं वाटतं. ‘परिवीक्षाधीन’ जिभेला जड वाटत असेल, तर ‘प्रोबेशनवरचा मुलगा’ म्हणा.